रुग्णालयात युनियन करताना: आधी कप्पा ओळखा, मग पावती फाडा, मग नोटीस द्या

'युनियनमध्ये गेलात तर घरी बसवू' ही धमकी बेकायदा आहे. 'उद्यापासून बेमुदत संप' ही घोषणाही बहुतेक वेळा बेकायदाच असते. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचे हक्क या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहेत. ती जागा वाटते त्यापेक्षा मोठी आहे, पण तिथे वावरायचे तर कागद आणि तारखा सांभाळाव्या लागतात. मागणी चुकीची म्हणून हरलेल्या युनियन कमी. पावतीपुस्तक नव्हते, नोटीस दोन दिवस आधी संपली, तक्रार मुदतीनंतर गेली, अशा कारणांनी हरलेल्या जास्त.

घटनेच्या कलम १९(१)(ग)ने संघटना करण्याचा हक्क दिला आहे. संपाचा हक्क मात्र त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितले. संप हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो कायदा घालेल त्या अटींवरच मिळतो. पत्रकांत आणि निवेदनांत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार आवर्जून छापलेले दिसतात. भारताने ते दोन्ही स्वीकारलेले नाहीत. सभेत बोलायला ठीक, न्यायालयात त्यांच्या भरवशावर उभे राहू नका.

तुम्ही कोणत्या कप्प्यात बसता?

हे ठरवल्याशिवाय पुढचे काहीच करू नका, कारण एकाच वॉर्डात उभ्या असलेल्या चार माणसांना चार वेगळे नियम लागू असू शकतात.

खासगी रुग्णालयातल्या कायम स्टाफ नर्स, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार आणि कारकून यांचा कप्पा सर्वांत सरळ. रुग्णालय हा 'उद्योग' आहे, हे १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने ठरले. रुग्णालयांना वगळणारी दुरुस्ती संसदेने १९८२ मध्ये केली होती, पण ते कलम कधी अमलात आलेच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेश कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात सामावले गेले.

ट्रस्टच्या रुग्णालयात याच ठिकाणी नवी अडचण येते. संहितेने 'उद्योग' या व्याख्येतून पूर्णपणे किंवा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळल्या आहेत. व्यवस्थापन पहिला आक्षेप हाच घेणार. पाटीवर 'धर्मादाय' लिहिले म्हणून काम मुख्यत्वे धर्मादाय ठरत नाही, पण ते दाखवून द्यायची तयारी तुमची हवी. खोल्यांचे आणि शस्त्रक्रियांचे जाहीर दरपत्रक, प्रसिद्ध झालेले वार्षिक अहवाल, जाहिराती हे सगळे पहिल्या दिवसापासून एका फायलीत जमवत चला.

सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर वर्तणूक नियमांचा दुसरा थर असतो. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत. संप निषिद्ध आहे, आणि २००३ च्या रंगराजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही असे स्पष्ट म्हटले. पण साहेब लोक हाच निकाल दाखवून संघटनेलाही बंदी असल्याचे सांगतात, ते खोटे आहे. निदर्शनांवरची सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या कामेश्वर प्रसाद निकालात रद्द केली. मान्यता नसलेल्या संघटनेत जाण्यास मनाई करणारा नियमही त्याच वर्षी ओ. के. घोष खटल्यात रद्द झाला. लष्करी परिचर्या सेवा या सगळ्याच्या बाहेर आहे. सशस्त्र दलांवर घटनेचे कलम ३३ वेगळी बंधने घालू देते.

कंत्राटी कामगारांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. युनियनचे सभासद होता येते, त्यात अडचण नाही. पण रुग्णालयच आपले खरे मालक आहे असे म्हणायचे असेल, तर ते नाते आधी सिद्ध व्हावे लागते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यता व अनुचित प्रथा कायद्याखाली थेट तक्रार टाकली आणि रुग्णालयाने नाते नाकारले, तर तक्रार तिथेच थांबते. सिप्ला आणि कल्याणी स्टील्स या २००१ च्या निकालांपासून हे ठरलेले आहे. म्हणून गेटपास, गणवेशाची पावती, रुग्णालयाच्या इन्चार्जच्या सहीची ड्युटी लिस्ट, असे जे जे रुग्णालयाकडून थेट मिळते त्याच्या प्रती ठेवा. आशा सेविकांना पगार नसून मानधन मिळते, तरीही युनियन करता येते. युनियनच्या प्रकरणापुरती संहितेतली 'कामगार' ही व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे आणि तिच्यात असंघटित कामगारही येतात.

इन्चार्ज सिस्टर, मेट्रन, सुपरवायझर यांचे काय? युनियनचे सभासदत्व एक आणि विवाद न्यायाधिकरणात नेणे दुसरे. दुसऱ्यासाठीची व्याख्या अरुंद आहे. मुख्यत्वे व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतनावर पर्यवेक्षण करणारे तिच्याबाहेर राहतात. न्यायालय पदनाम पाहत नाही, काम पाहते. ड्युटी लिस्ट बनवणे एवढ्याने कोणी व्यवस्थापक होत नाही. रजा मंजूर करण्याचा, शिक्षा देण्याचा अधिकार आहे का, आणि दिवसातला किती वेळ प्रत्यक्ष रुग्णसेवेत जातो, यावर सगळे ठरते. डॉक्टरांनाही हीच कसोटी लावली जाते.

नोंदणी: सात सह्या पुरत नाहीत

अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी अट अशी की त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जो आकडा कमी असेल तितके सभासद हवेत. २४० कर्मचारी असतील तर २४ सभासद. १,४०० असतील तर १४० नव्हे, १०० पुरे. ५० असतील तर टक्केवारीने ५ येतात, पण ७ च्या खाली जाता येत नाही. ही संख्या नोंदणीनंतरही टिकवावी लागते, खाली गेली तर नोंदणी रद्द होऊ शकते. नर्सेस नोकऱ्या पटापट बदलतात, म्हणून काठावरच्या संख्येवर अर्ज करणे शहाणपणाचे नाही. निदान दीडपट सभासद जमू द्या.

अर्ज कामगार आयुक्त कार्यालयातल्या युनियन निबंधकाकडे जातो. सोबत घटना-नियमावली, ती मंजूर केल्याचा ठराव, पदाधिकाऱ्यांची यादी आणि सभासदांचा तपशील. नमुना त्या कार्यालयातूनच ताजा घ्या. जुन्या युनियनची झेरॉक्स वापरली की अर्ज हमखास परत येतो. पदाधिकाऱ्यांत बाहेरचे लोक एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी कमी आकडा असेल तितकेच चालतात. निवृत्त झालेला किंवा कपातीत गेलेला सहकारी मात्र या हिशोबात 'बाहेरचा' धरला जात नाही, आणि ही सोय फार कामाची आहे. निवृत्त सिस्टरला सरचिटणीस केले, तर तिची बदली कुठे करणार? जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या युनियनची नोंदणी आपोआप चालू राहते, फक्त घटना-नियम संहितेशी जुळवून घेतल्याचे निवेदन निबंधकाला द्यायचे असते.

आणखी एक फसगत नेहमीची आहे. 'नर्सेस असोसिएशन', 'कर्मचारी कल्याण मंडळ' अशा नावांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढली जाते, आणि तीच आपली युनियन असे सगळे समजून चालतात. स्नेहसंमेलनासाठी ती छान. पण नोंदणीकृत युनियनला दिवाणी दाव्यापासून आणि गुन्हेगारी कटाच्या आरोपापासून मिळणारे कवच तिला मिळत नाही. युनियनचे कवचही गुन्हा करण्याच्या कराराला लागू होत नाही, हे आंदोलन ठरवताना विसरू नका.

पावतीपुस्तक

मान्यतेची लढाई पावतीपुस्तकावर जिंकली जाते. संहितेप्रमाणे आस्थापनेत एकच युनियन असेल तर वाटाघाटींसाठी तीच. अनेक असतील तर मस्टरवरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे ती एकमेव वाटाघाटी युनियन. कोणाकडेच ५१ नसतील तर वाटाघाटी परिषद बनते आणि तिथे किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनना जागा मिळते. महाराष्ट्रात याखेरीज १९७१ चा मान्यता व अनुचित प्रथा कायदा आहे, आणि त्यात ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत ३० टक्के सभासदत्व सहा महिने टिकलेले असावे लागते. संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत हा राज्य कायदा नाही, पण ३० आणि ५१ हे आकडे एकमेकांशी भिडतात. मान्यतेचा अर्ज कुठल्या कायद्याखाली टाकायचा हे औद्योगिक न्यायालयात रोज उभ्या राहणाऱ्या वकिलाकडून आधी ठरवून घ्या.

कायदा कोणताही लावा, पुरावा तोच. क्रमांक छापलेले पावतीपुस्तक, स्थळप्रतीवर सभासदाची सही, कर्मचारी क्रमांक, विभाग, आणि कोणत्या महिन्याची वर्गणी ते. सहा महिन्यांची वर्गणी एकाच दिवशी, एकाच शाईने फाडलेली पुस्तके तपासणीत पहिल्या पाच मिनिटांत पडतात. राज्य कायद्यात त्या सहा महिन्यांपैकी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असलेला माणूस सभासद धरलाच जात नाही. दर महिन्याला पगार झाल्यावर दोन दिवसांत वर्गणी गोळा करायची सवय लावा. लेखी संमतीने ती पगारातूनही कापून घेता येते. सोय मोठी, पण त्यामुळे सभासदांची अख्खी यादी व्यवस्थापनाच्या हातात जाते. युनियन नवी असेल तोवर हातानेच गोळा करणे बरे.

वार्षिक हिशोबपत्रक वेळेवर भरा. ते राहिले की नोंदणी जाते, आणि ती गेल्याचे कळते नेमके संपाच्या आठवड्यात.

आवारात काय चालते

ड्युटीच्या वेळेत, रुग्णाजवळ, वॉर्डात प्रचार नको. त्यासाठी झालेली शिस्तभंगाची कारवाई सहसा टिकते. जेवणाच्या सुट्टीत, पाळी बदलताना, चेंजिंग रूममध्ये सहकाऱ्याशी बोलणे, पत्रक देणे हे संघटनेचे नेहमीचे काम आहे. फक्त युनियनच्या गप्पांना मनाई आणि क्रिकेटच्या गप्पांना मोकळीक, असा नियम दिसला तर तो लिहून ठेवा. राज्य कायद्याखाली मान्यताप्राप्त युनियनला आवारात वर्गणी गोळा करण्याचा, नोटीस बोर्ड लावण्याचा आणि व्यवस्थापनाशी चर्चेचा हक्क आहे. मान्यता नसलेली युनियनही सभासदाच्या बडतर्फी-निलंबनाबद्दल व्यवस्थापनाला भेटू शकते आणि खातेनिहाय चौकशीत त्याच्या बाजूने उभी राहू शकते. 'तुम्हाला मान्यता नाही, बोलणार नाही' हे उत्तर तेवढ्यापुरते चालत नाही.

द्वारसभेत लोक हमखास चुकतात ते भोंग्याच्या बाबतीत. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तसा जाहीर असेल तर तिथे मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल. भोंगा लावला की पोलिसांना आयते कारण मिळते. काळ्या फिती लावून काम, फलक घेऊन मूक निदर्शने, १०० मीटरच्या पलीकडे सभा, असा आराखडा करा. जमावबंदीचा आदेश आहे का ते स्थानिक पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी पाहा, आणि सभेच्या पत्राची पोच घ्या.

रुग्णांचे केसपेपर, फोटो, एक्स-रे यांना हात लावू नका. 'एका नर्सकडे ४० रुग्ण' हे दाखवायला रुग्णाच्या नावाचे रजिस्टर फोटोत टिपून ग्रुपवर टाकले जाते, मग चर्चा मनुष्यबळाची राहत नाही, गोपनीयता भंगाची होते. तोच मुद्दा तुमच्या ड्युटी लिस्टमधून आणि वॉर्डातल्या खाटांच्या संख्येतूनही मांडता येतो.

सूड घेतला गेला तर

युनियनमुळे काढून टाकणे, बढती अडवणे, ज्येष्ठता बदलणे, संघटन चालू असतानाच मोक्याच्या वेळी पगारवाढ वाटणे या सगळ्या अनुचित कामगार प्रथा आहेत. संहितेत त्यांना १०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. वर्षानुवर्षे बदली कामगार किंवा तात्पुरते म्हणून राबवून कायमपणापासून वंचित ठेवणे हीदेखील अनुचित प्रथाच, आणि रुग्णालयांत सर्वांत सर्रास तीच दिसते.

प्रश्न पुराव्याचा असतो. 'सतत त्रास देतात' या वाक्याला किंमत शून्य. नोंद अशी हवी:

'१४ तारीख, रात्रपाळी, पुरुष वॉर्ड. पहाटे ५.४० ला इन्चार्ज म्हणाल्या, "यादीत तुझं नाव आहे, पुढच्या महिन्यात नाइट तुलाच." शेजारी एक स्टाफ नर्स आणि एक आया. १६ तारखेला लागलेल्या ड्युटी लिस्टमध्ये मला १४ नाइट. आधीच्या तीन महिन्यांत ६, ५, ६. वॉर्डातल्या इतर पाच जणींना पुढच्या महिन्यात प्रत्येकी ४ ते ६.'

यात तारीख आहे, उच्चारलेले शब्द आहेत, साक्षीदार आहेत, आणि मुख्य म्हणजे तुलना आहे. तुमचे आधीचे आकडे आणि इतरांचे आताचे आकडे नसतील तर व्यवस्थापन 'प्रशासकीय गरज' एवढे दोन शब्द लिहून सुटते.

राज्य कायद्याखाली तक्रारीची मुदत ९० दिवस. बडतर्फीच्या किंवा कामावरून कमी केल्याच्या तक्रारी कामगार न्यायालयात आणि बाकीच्या औद्योगिक न्यायालयात जातात, अंतरिम आदेशही मागता येतो. संहितेच्या वाटेने गेलात तर आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, ४५ दिवसांनंतर थेट न्यायाधिकरण, आणि काढल्यापासून दोन वर्षांची मर्यादा. 'साहेबांशी बोलणी चालू आहेत' म्हणून ९० दिवस निघून जातात. बोलणी करा, पण ७५ व्या दिवशी तक्रार टाइप होऊन तयार पाहिजे.

'संरक्षित कामगार' ही तरतूद मात्र बहुतेक युनियन वापरतच नाहीत. विवाद चालू असताना अशा पदाधिकाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय काढता किंवा शिक्षा देता येत नाही. संख्या कामगारांच्या एक टक्का, किमान पाच, कमाल शंभर. नावे दरवर्षी नियमातल्या तारखेच्या आत व्यवस्थापनाला लेखी कळवावी लागतात. भांडण पेटल्यावर पाठवलेल्या यादीला फारसा अर्थ उरत नाही.

संपाची नोटीस: तारखांचे गणित

संहितेप्रमाणे नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही आणि नोटीस ६० दिवसांत शिळी होते. नोटीस १ जूनला पोचली असेल तर संपाचा पहिला मोकळा दिवस १६ जून आणि जुलै संपता संपता नवी नोटीस लागणार. पोच घेतलेली प्रत नसेल तर '१ जून' सिद्ध करता येत नाही.

पण खरी अडचण मधल्या दिवसांत असते. समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की समेट सुरू झाला असे धरतात, आणि तो चालू असेपर्यंत व नंतर सात दिवस संप बेकायदा. १० जूनला बैठक झाली तर १६ जून हातचा गेला. संपाच्या नोटिशीत अधिकाऱ्याने १४ दिवसांत काम आटोपायचे असते. समेट फसला तर सात दिवसांनी दार उघडते, पण तेवढ्यात व्यवस्थापनाने विषय न्यायाधिकरणात नेला तर प्रकरण चालू असेपर्यंत आणि पुढे ६० दिवस संप पुन्हा बंद. थोडक्यात, कायदेशीर संपाची खिडकी काही दिवसांचीच असते. नोटीस देण्याआधी कॅलेंडरवर या सगळ्या तारखा मांडा.

'संप नाही, सगळ्यांनी सीएल टाकू' ही युक्ती आता चालत नाही. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर संहिता त्यालाच संप म्हणते. बेकायदा संपाला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला १०,००० ते ५०,००० रुपये. वेगळा फटका पगाराला बसतो. गैरहजर दिवसांचा पगार जातोच, शिवाय दहा किंवा अधिक जण ठरवून नोटिशीशिवाय गैरहजर राहिले आणि नेमणुकीच्या अटींत तशी तरतूद असेल, तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येते.

मेस्माचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायद्याचा, आदेश निघाला तर गणितच बदलते. आदेशाच्या मुदतीत त्यात नमूद केलेल्या सेवांमध्ये संप निषिद्ध असतो. बातमीवर विसंबू नका, आदेशाची प्रत मिळवा आणि दोन गोष्टी वाचा: तारीख कधीपासून कधीपर्यंत, आणि तुमची आस्थापना त्यात बसते का.

संप कायदेशीर असला तरी हातातला रुग्ण सोडून निघणे वेगळ्या गुन्ह्याचे आणि नर्सिंग किंवा वैद्यकीय परिषदेकडच्या तक्रारीचे कारण होऊ शकते. अतिदक्षता, अपघात विभाग, प्रसूती आणि डायलिसिस यांची किमान माणसांची यादी युनियननेच बनवून नोटिशीसोबत द्या. पाळी संपताना चार्ज लेखी द्या: किती रुग्ण, कोणाचे कोणते औषध किती वाजता, नियंत्रित औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, घेणाऱ्याची सही आणि वेळ. घ्यायला कोणी आलेच नाही तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवून थांबा.

तडजोड झाली की आनंदाच्या भरात साध्या कागदावर सही होते आणि तिथे शेवटची चूक घडते. दोघांतला खासगी करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, उद्या रुजू होणाऱ्यांनासुद्धा. त्यात तीन कलमे नसतील तर सही करू नका: आंदोलनात भाग घेतल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही आणि झालेली मागे घेतली जाईल, संपाचे दिवस रजेत कसे धरायचे, आणि प्रत्येक मागणीपुढे अंमलबजावणीची तारीख.